जुना लष्करी ट्रक ओळखताना पाटीच्या आधी चासी वाचावी

पारोळा तालुक्यातल्या एका शेताच्या बांधावर, निंबाखाली, एका जुन्या ट्रकची चासी पडून आहे. घरचे लोक तिच्यावर फळ्या टाकून कडब्याची गंजी रचतात, म्हणजे खालून ओल लागत नाही. इंजिन नाही, केबिन नाही, हौदा नाही. मागचे हाऊसिंग म्हणजे आसाचे कवच, तुटक्या कमानी म्हणजे स्प्रिंगचे पाटे आणि एक रिम एवढेच शिल्लक आहे. घरातल्या नातवाने पुढच्या चाकाच्या जागेच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या जागेच्या मध्यापर्यंत टेप लावला तेव्हा ३७१ सेंटिमीटर भरले आणि हा आकडा कोणत्याही माहितीपुस्तकात सापडेना. त्यामुळे ही जगात दुसरीकडे कुठेच नसलेली गाडी असावी अशी त्याची खात्री झाली आणि त्याने मला पाहायला बोलावले. त्याचे आजोबा, ज्यांना सगळे आबा म्हणतात, खाटेवरून एवढेच म्हणाले, "मना बापनी लिलावमा लिधेल गाडी शे हाई."

खानदेशात अशा चासी अजूनही सापडतात, आणि त्यांच्याबद्दल सर्वांत आधी विचारला जाणारा प्रश्न "ही दुर्मीळ आहे का?" हा असतो. माझ्या मते तो प्रश्न सर्वांत शेवटी विचारायचा आहे. लष्करी ट्रकचा उपप्रकार ठरवणे म्हणजे तीन वेगवेगळ्या काळांत झालेले फरक एकमेकांपासून सोडवणे. पहिला फरक कारखान्यातला: एकाच सांगाड्यावर कुठे मालवाहू हौदा, कुठे रुग्णवाहिकेची पेटी, कुठे पुढे विंच, म्हणजे दोर गुंडाळून ओढण्याचे यंत्र, बसवलेला असतो. दुसरा लष्कराच्या वर्कशॉपमधला, कारण युद्धकाळात जे मिळेल ते बसवून गाडी चालती ठेवावी लागे. तिसरा, युद्धानंतर लष्कराने गाड्या लिलावात विकल्यावरचा, जो धुळ्याच्या, जळगावच्या किंवा भुसावळच्या एखाद्या मेस्त्रीच्या हातचा असतो. या तिन्हींमधला पहिला फरक सिद्ध झाला तरच कारखान्याच्या दृष्टीने दुर्मीळ उपप्रकार सापडला असे म्हणता येते. आणि तो सिद्ध करण्याचा मार्ग म्हणजे उरलेल्या दोन शक्यता एकेक करून खोडून काढणे.

आपल्याकडे सापडणाऱ्या दुसऱ्या महायुद्धातल्या गाड्यांत कॅनेडियन मिलिटरी पॅटर्न, म्हणजे सीएमपी ट्रकांचे घराणे फार महत्त्वाचे आहे. कॅनडातल्या फोर्ड आणि जनरल मोटर्स या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांनी ब्रिटिश लष्कराच्या गरजेनुसार एकाच ठरावीक घाटाचे ट्रक बनवले, आणि त्यांची एकूण संख्या चार लाखांच्या घरात गेली. स्टिअरिंग उजवीकडे, नाक आखूड, केबिन ठेंगणी. यातल्या पुष्कळ गाड्या सुट्या भागांच्या रूपात खोक्यांत भरून जहाजाने रवाना होत आणि पोचल्यावर जोडल्या जात. भारतातही अशी जोडणी होत असे. त्यामुळे चासी कॅनडाची आणि मागची पेटी इथल्या लाकडाची असे घडले तर त्यात संशयास्पद काही नाही, आणि निव्वळ हौद्यावरून उपप्रकार ठरवू पाहणारा माणूस इथेच चुकतो.

या ट्रकांच्या नावातच अर्धी माहिती असते. सी ६० एल या नावातला सी म्हणजे शेवरोलेट, जनरल मोटर्सचीच छाप. फोर्डच्या गाडीला एफ लावत. ६० हा आकडा भारवहनाचा असून तो हंड्रेडवेट या इंग्रजी मापात आहे; एक हंड्रेडवेट सुमारे ५०.८ किलोचे, म्हणून ६० हंड्रेडवेट म्हणजे तीन टनी गाडी आणि १५ हंड्रेडवेट म्हणजे पाऊण टनी. शेवटचा एल लांब सांगाडा दाखवतो आणि एस आखूड. पुढच्या आणि मागच्या आसांमधले अंतर, ज्याला व्हीलबेस म्हणतात, तेही ठरावीक होते: १०१¼ इंच, १३४¼ इंच आणि १५८¼ इंच. आपल्या मापात ही अंतरे अनुक्रमे सुमारे २५७, ३४१ आणि ४०२ सेंटिमीटर होतात. पारोळ्याची ३७१ सेंटिमीटरची चासी यांपैकी कशातच बसत नव्हती, म्हणून नातवाचा उत्साह समजण्यासारखा होता.

केबिन शिल्लक असेल तर तिचेही तीन प्रकार आहेत, आणि ते ११, १२ आणि १३ या क्रमांकांनी ओळखले जातात. पहिल्या दोन सुरुवातीच्या. नंतरच्या १३ क्रमांकाच्या केबिनची समोरची काच वरच्या बाजूने पुढे झुकलेली असते. उन्हाची तिरीप चालकाच्या डोळ्यांवर येऊ नये आणि काचेची चमक विमानातून दिसू नये, हा त्यामागचा विचार होता. केबिन मात्र चार-सहा बोल्ट सोडले की एका ट्रकवरून दुसऱ्यावर जाते, हे लक्षात ठेवावे.

अमेरिकन गाड्यांची नावे वाचताना एक चूक फार रूढ झाली आहे. डॉजच्या डब्ल्यूसी मालिकेतील अक्षरांचा अर्थ "वेपन्स कॅरिअर" असा सर्रास सांगितला जातो, पण मुळात ती डॉजची स्वतःची कारखानी सांकेतिक अक्षरे आहेत: डब्ल्यू १९४१ या वर्षासाठी आणि सी अर्धा टन वजनगटासाठी. पुढे गाड्या पाऊण टनी झाल्या, वर्ष बदलले, तरी अक्षरे तीच राहिली. म्हणूनच डब्ल्यूसी-५४ ही रुग्णवाहिका असूनही तिच्या नावात डब्ल्यूसी आहे. जीएमसीच्या अडीच टनी ट्रकाचे सीसीकेडब्ल्यू हे नावही असेच उलगडते: पहिला सी १९४१ चा, दुसरा सी सर्वसाधारण घाटाच्या केबिनचा, के पुढच्या चाकांनाही ओढ असल्याचा आणि डब्ल्यू मागे दोन चालते आस असल्याचा. ३५२ हा आखूड सांगाडा, ३५३ हा लांब.

सीसीकेडब्ल्यूचे उदाहरण संशोधकाला फार शिकवून जाते, कारण त्यात नावापुरती एकच असलेली गाडी आतून वेगळी निघते. तिचे आस दोन प्रकारचे होते. एका प्रकारात मधला गोळा उभ्या जोडाने दोन अर्ध्यांत विभागलेला असून सभोवती बोल्टांचे कडे दिसते; दुसऱ्यात हाऊसिंग सलग असून मधोमध गोल झाकण असते. केबिन सुरुवातीला पत्र्याची बंद होती, पुढे कापडी छताची उघडी आली. हौदा आधी पोलादी होता. पोलाद वाचवण्यासाठी तो लाकडी झाला आणि नंतर दोन्हींच्या मिश्रणाचा. यातला आसाचा प्रकार, केबिन आणि हौदा एकमेकांच्या काळाशी जुळतात का, हे पाहिले की गाडी एकजिनसी आहे की तीन गाड्या मिळून एक झाली आहे ते कळू लागते.

दुर्मीळ हा शब्द आकड्यांशिवाय वापरू नये. पाऊण टनी डॉजपैकी विंच नसलेल्या डब्ल्यूसी-५१ गाड्या १,२३,५४१ बनल्या, विंच असलेल्या डब्ल्यूसी-५२ गाड्या ५९,११४, तर अधिकाऱ्यांसाठीच्या विंचवाल्या डब्ल्यूसी-५७ केवळ ६,०१० च्या आसपास. साहजिकच बाजारात ५१ ला ५२ करण्याचा मोह होतो: कुठून तरी विंच आणायचा आणि पुढच्या बंपरवर बसवायचा. हा बनाव उघड करायला विंचकडे पाहण्याची गरज नसते. ५२ च्या चासीचे दोन्ही दांडे पुढच्या बाजूने मुळातच लांब असतात, कारण विंच त्यांच्यावर बसतो. दांडे आखूड असून त्यांना पुढे तुकडा जोडलेला दिसला, तर विंच कितीही अस्सल असो, गाडी ५२ नाही. अर्थात किती बनल्या आणि किती उरल्या हे दोन वेगळे हिशेब आहेत. साध्या मालवाहू गाड्या वापरून वापरून संपल्या आणि कमी वापरलेल्या खास गाड्या टिकल्या, असेही होऊ शकते.

आता पाटीकडे येऊ. डॅशबोर्डवरची पितळी किंवा जस्ताची पाटी हा सर्वांना सर्वांत विश्वासार्ह वाटणारा पुरावा असतो, आणि माझ्या दृष्टीने तो सर्वांत कमकुवत आहे. ती चार स्क्रूंवर असते, आणि तिच्या हुबेहूब नव्या प्रती आज विकत मिळतात. इंजिनवरचा क्रमांकही चासीइतका भरवशाचा नाही. लिलावात घेतलेल्या पेट्रोल ट्रकांना पेट्रोलचा खर्च परवडेना, म्हणून आपल्याकडे कितीतरी गाड्यांत पर्किन्सचे डिझेल इंजिन बसवले गेले, त्यामुळे मूळ इंजिन जागेवर असणे हाच अपवाद समजावा. चासीच्या दांड्यावर ठोकलेला क्रमांक मात्र काढून दुसरीकडे लावता येत नाही. तो घासून पुन्हा ठोकला असेल तर आजूबाजूचा पत्रा पातळ आणि गुळगुळीत लागतो, अक्षरांची खोली असमान असते. आरटीओच्या कामात जशी चासी क्रमांकाची पेन्सिल प्रिंट घेतात, तशीच इथेही घ्यावी. कागद ठेवून पेन्सिल आडवी घासली की डोळ्याला न दिसणारे आकडेही पुष्कळदा कागदावर उमटतात. त्याआधी रॉकेलच्या ब्रशने तेलमातीचा थर काढावा, ग्राइंडर मात्र चुकूनही लावू नये, कारण ग्राइंडरने किटणाबरोबर क्रमांकही जातो.

क्रमांक मिळाला नाही तरी चासी बोलते, ती तिच्या भोकांतून. कारखान्यातली भोके साच्याने पाडलेली असल्याने दोन्ही दांड्यांवर समोरासमोर, सारख्या अंतरावर आणि स्वच्छ कडांची असतात. नंतर ड्रिलने पाडलेल्या भोकांच्या कडेला बूर, म्हणजे धातूची उठलेली कोर, राहतो आणि दोन्ही बाजूंचे अंतर क्वचितच तंतोतंत जुळते. गॅसकटरने पाडलेले भोक तर हाताला खरखरीत लागते. आडवे दांडे मुळात रिव्हेट मारून बसवलेले असतात. त्या जागी बोल्ट दिसला तर तिथे कोणीतरी काम केले आहे हे नक्की. एखाद्या रिकाम्या भोकांच्या ओळीवरून तिथे काय बसवलेले होते ते ठरवता आले, तर ती गाडी रुग्णवाहिका होती की तोफ ओढणारी, हे पाटी नसतानाही ठरते.

रंगाच्या थरांचेही असेच आहे. नंतरच्या काळात ट्रकवाल्यांनी दरवाजे आणि बॉनेट दरवर्षी रंगवले, पण चासीच्या आतल्या बाजूला, कमानीच्या ब्रॅकेटमागे, कोणाचा ब्रश पोचत नाही. तिथे बारीक पॉलिश पेपर पाणी लावून गोल गोल फिरवला की थर झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखे उघडतात. ब्रिटिश लष्करी रंगांत १९४२ च्या मध्यापासून तपकिरी छटा होती आणि १९४४ पासून हिरवट ऑलिव्ह आली, म्हणून रेड ऑक्साइडच्या, म्हणजे तळाच्या गंजरोधक लाल थराच्या, लगेच वर कोणती छटा आहे ते काळजीपूर्वक पाहावे. जुने आकडे आणि चिन्हेही याच थरांत दबलेली असतात. अमेरिकन जीपच्या बॉनेटवरील नोंदणी क्रमांक २० ने सुरू होत असे, अडीच टनी ट्रकाचा ४ ने आणि रुग्णवाहिकेचा ७ ने. ब्रिटिश क्रमांकात एल हे अक्षर लॉरीला, झेड हलक्या ट्रकला, ए रुग्णवाहिकेला आणि एच तोफ ओढणाऱ्या ट्रॅक्टरला असे. कॅनडाच्या स्वतःच्या सैन्यातील गाड्यांना त्याआधी सी जोडत. थरांखाली एवढे एक अक्षर वाचता आले तरी तर्काला आधार मिळतो.

इथे एक सूचना जिवाची आहे. सीएमपीच्या रिमचे दोन भाग एकमेकांना नट-बोल्टने जोडलेले असतात. टायरमध्ये हवा असताना ते नट सैल केले तर रिमचा अर्धा भाग तोफेच्या गोळ्यासारखा उडतो. लष्करात हे नट मुद्दाम लाल रंगवत. पण ऐंशी वर्षांनी रंग उरत नाही, म्हणून कितीही जुना, कितीही बसलेला टायर असला तरी आधी व्हॉल्व्ह काढून हवा पूर्ण सोडावी.

गाडी वाचून झाली की कागद. लोक आधी छायाचित्रे शोधतात. मी आधी सुट्या भागांची लष्करी यादी शोधतो. अमेरिकन लष्कराने प्रत्येक गाडीला एक यादी क्रमांक दिला होता: पाऊण टनी डॉजला जी-५०२, जीपला जी-५०३, सीसीकेडब्ल्यूला जी-५०८. या याद्यांत एखादा भाग कोणत्या उपप्रकाराला लागतो आणि कोणत्या क्रमांकाच्या गाडीपासून बदलला हे लिहिलेले असते, आणि संशोधनासाठी याहून मोलाची ओळ दुसरी नाही. दुरुस्तीची पुस्तके वेगळी. त्यांना टीएम, म्हणजे टेक्निकल मॅन्युअल, म्हणतात: पाऊण टनी डॉजचे टीएम ९-८०८, जीपचे टीएम ९-८०३. त्यातही एक बारकावा असा की ऑगस्ट १९४२ मध्ये या गाड्यांची जबाबदारी क्वार्टरमास्टर (पुरवठा) विभागाकडून ऑर्डनन्स (शस्त्रसामग्री) विभागाकडे गेली, त्यामुळे आधीची पुस्तके टीएम १० ने सुरू होतात आणि नंतरची टीएम ९ ने. आपली गाडी १९४२ च्या आरंभीची असेल तर तिचे पुस्तक जुन्या आकड्याखाली शोधावे लागते.

आपल्या भागातले कागद शोधताना जिल्ह्यांची जुनी नावे विसरू नयेत. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, आणि आज ज्यांना आपण जळगाव आणि धुळे म्हणतो त्यांची ही नावे १९६० च्या सुमारास रूढ झाली. नंदुरबार तर १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळा निघाला. लिलाव १९४५ नंतरच्या काही वर्षांतले असल्याने त्या काळच्या नोंदणीपुस्तकात "पूर्व खानदेश" असेच सापडेल, जळगाव सापडणार नाही.

स्वातंत्र्यानंतरच्या गाड्यांबाबत काम तुलनेने सोपे आहे. जबलपूरला मान कंपनीच्या परवान्याने बनलेला शक्तिमान, ज्याला फौजेतून आलेले लोक थ्री टनर म्हणतात, निसानचा वन टन आणि जोंगा या तिन्हींचे उपप्रकार मोजके आहेत. भारतीय लष्कराच्या क्रमांकपाटीवर बाणानंतरचे दोन आकडे गाडी सेवेत घेतल्याचे वर्ष सांगतात, त्यामुळे जुना फोटो असेल तर वर्ष लगेच कळते. महिंद्राने १९४७ पासून जोडलेल्या जीपना हिरवा रंग देऊन विलीज या अमेरिकन कंपनीची युद्धकाळातील जीप म्हणून विकणाऱ्यांपासून मात्र जपावे. विलीज एमबीचा रेडिएटरखालचा आडवा दांडा गोल नळीचा असतो आणि फोर्डने बनवलेल्या जीपीडब्ल्यूचा चौकोनी, उलट्या पन्हळीसारखा. शिवाय फोर्ड आपल्या बोल्टांवरही एफ ठोकत असे. सुरुवात या दोन खुणांपासून करावी.

पारोळ्याच्या चासीकडे मी याच क्रमाने गेलो. उरलेली रिम २० इंची होती. सीएमपीत ३० हंड्रेडवेटच्या ट्रकला १६ इंची आणि तीन टनीला २० इंची रिम असे, म्हणजे ही तीन टनी असण्याची शक्यता वाढली, पण रिम बदललेली असू शकते म्हणून त्यावर थांबलो नाही. मग नातू एका बाजूला आणि मी दुसऱ्या बाजूला, असे छोटी हातोडी घेऊन आम्ही दांडे ठोकत पुढून मागे गेलो. केबिनच्या जागेपासून हातभर मागे दोन्हीकडे आवाज बदलला. खणखणीत होता तो बद्द झाला. रॉकेलने थर काढल्यावर दांड्याच्या पन्हळीत आतून बसवलेली जाड पट्टी दिसली आणि तिच्या दोन टोकांजवळ वेल्डिंगच्या दोन उभ्या रेघा. दोन रेघांमधले अंतर ३० सेंटिमीटर भरले. ३७१ मधून ३० वजा केले की ३४१ उरतात, म्हणजे बरोबर १३४¼ इंच.

आबांनी मग पत्र्याच्या ट्रंकेतून नोंदणीपुस्तक काढून दिले. त्यात जिल्हा पूर्व खानदेश, गाडी शेवरोलेट, सिलिंडर सहा आणि वर्ष १९४७ लिहिले होते. इंजिनचा मूळ क्रमांक खोडून त्यावर डिझेल इंजिनचा लिहिलेला होता. १९४७ हे गाडी बनल्याचे वर्ष असणे शक्य नाही, कारण तोवर सीएमपीचे उत्पादन युद्धाबरोबर संपले होते. ते नागरी नोंदणीचे वर्ष आहे. तीन टनीत १३४¼ इंच हा आखूड सांगाडा आणि १५८¼ हा लांब. शेवरोलेट, तीन टनी, आखूड सांगाडा: म्हणजे सी ६० एस.

नातू थोडा हिरमुसला. आबांना मी जोडाची रेघ दाखवली तर त्यांना काहीच नवल वाटले नाही. "ती धुळाले एक फूट वाढाडेल शे. गाठी बसेत नहीत म्हनीसन." जिनिंगमधून निघालेल्या कापसाच्या गाठींची एक रांग जास्त बसावी म्हणून त्यांच्या वडिलांनी धुळ्याच्या मेस्त्रीकडून सांगाडा फूटभर वाढवून घेतला होता, आणि तेव्हा दहा-बारा वर्षांचे असलेले आबा ते काम होईपर्यंत दोन दिवस त्या गॅरेजच्या दारात बसून होते. ही गोष्ट मी टेप हातात घेण्याआधीच त्यांना विचारायला हवी होती. मेस्त्री कोण, गॅरेज कुठल्या रस्त्यावर, पट्टीचे लोखंड कुठून आणले, पुढचे हाऊसिंग काढून कुणाला विकले, हे सगळे त्यांना आठवत होते. नातवाने वहीत सी ६० एस च्या खाली नवी ओळ आखली आणि आबा सांगतील तसे लिहायला सुरुवात केली.